पंख्याची मोटर बदलायची की नुसता बुश?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांनी मिरजेत एका परदेशी परतणाऱ्या डॉक्टरांकडून जुना अमेरिकन फ्रिज घेतला होता. तो ट्रान्सफॉर्मर लावून ११५ व्होल्टवर चालतो. हल्ली मागच्या बाजूने किर्रर्र आवाज येतो. खालचा पंखा कधी फिरतो, कधी नुसता गुणगुणतो. मग मशीन तापून ‘टक्’ करून बंद पडतं. मेकॅनिक म्हणतो, २३० ची मोटर टाकून देतो. टाकू का? — एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, थोडं थांबा. लक्षणं ऐकून मला मोटरीपेक्षा बुशावर, म्हणजे शाफ्ट (मोटरीचा दांडा) ज्यात फिरतो त्या कडीवर, संशय आहे. ही शेडेड पोल नावाची साधी छोटी मोटर, तिचं वाइंडिंग (तारेची गुंडाळी) सहसा जळत नाही. बुश झिजतो, शाफ्ट कलतो, रोटर (फिरणारा भाग) स्टेटरला (बाहेरच्या स्थिर भागाला) घासतो आणि पंखा अडतो.

प्लग काढा, मशीन गार होऊ द्या आणि पातं बोटाने फिरवून बघा. मोकळं फिरायला हवं, पण शाफ्ट आडवा हलवल्यावर खडखडायला नको. खडखडला तर बुश गेला. मल्टिमीटरवर वाइंडिंग सलग दाखवत असेल तर मोटर भंगारात टाकणं म्हणजे पाप आहे.

ती घेऊन कुपवाड एमआयडीसीत लेथवाल्याकडे जा, नाहीतर शेतीपंपाच्या मोटरी भरणाऱ्याकडे. शाफ्टचं माप देऊन ब्राँझचा बुश करून घ्या. लेथवर केलेला भरीव बुश स्वतः तेल धरत नाही, म्हणून त्याच्याभोवतीचा नमदा (लोकरीची जाड पट्टी) तेलात चिंब हवा. खोबरेल नको! हिवाळ्यात थिजतं आणि धूळ धरून चिकट होतं. गंज सोडवायचा स्प्रेही नको, तो आत उरलेलं तेल धुऊन नेतो. शाफ्टलाच खाच पडली असेल तर मात्र नुसत्या बुशाने भागणार नाही.

उघडण्याआधी रंगाने खूण करा. रोटर उलट्या तोंडाने बसला की पंखा उलटा फिरतो आणि हवा नको तिकडे जाते. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दोन्ही टोकांचे बारीक वॉशरही त्याच क्रमाने परत घाला.

आता २३० चं. ट्रान्सफॉर्मरच्या ११५ वर ती मोटर लावली तर बहुधा नुसती गुणगुणेल. थेट भिंतीवरून दिली तर मशीन बंद असतानाही रात्रंदिवस फिरत राहील. लावायचीच असेल तर कॉम्प्रेसरच्या लाइनवर ११५ व्होल्ट कॉइलचा रिले (११५ मिळाले की आपोआप चालू होणारा स्विच) टाकून त्यातून २३० द्या. पातं, फिरण्याची दिशा आणि शाफ्टची जाडी जुन्यासारखीच असली पाहिजे. ११५ चीच नवी मिळाली तर उत्तम, पण प्लेटवर ५० हर्ट्झ लिहिलंय का ते वाचा. ६० ची मोटर आपल्याकडे साधारण सहाव्या हिश्श्याने हळू फिरते आणि जास्त तापते.

तोवर फ्रिज बंदच ठेवा. पंख्याशिवाय चालवला तर कॉम्प्रेसर जाईल, आणि तो बदलला की गॅसही नव्याने भरावा लागेल. तुमच्या फ्रिजमध्ये बहुधा आर-१२ गॅस असणार, आणि त्याचं नवं उत्पादन ओझोन थर वाचवण्याच्या मॉन्ट्रियल करारानुसार आपल्याकडे २०१० पर्यंत थांबलं. तेव्हा तो शोधत फिरावं लागेल. मागच्या कंडेन्सरवरची (उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांवरची) धूळ तेवढी आजच ब्रशने काढून टाका.