स्वतःला समजून घेत गेलं तर माणूस ढिला नाही का पडणार?

तुमची तक्रार अशी की ऑफिसात चूक झाली की घरी पोचेपर्यंत मनात स्वतःला शिव्या चालू असतात, आणि त्या थांबवल्या तर आळशी व्हाल अशी भीती वाटते.

आधी भीतीचं बघू. 2012 साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या ब्राइन्स आणि चेन या संशोधकांनी परीक्षेत आपटलेल्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. ज्यांना स्वतःकडे समजुतीने बघायला सांगितलं होतं, त्यांनी पुढच्या परीक्षेसाठी जास्त वेळ अभ्यास केला. यात नवल नाही. चूक दिसली की मार बसणार हे ठरलेलं असलं, तर मन चुकीकडे बघायलाच तयार होत नाही.

समजा, क्लायंटला जुनी फाईल गेली. मनातलं वाक्य जसंच्या तसं पकडा: "मी बिनडोक आहे." त्यातून स्वतःला बाजूला काढा, फक्त घडलेलं ठेवा: "जुनी फाईल गेली." मग: "घाईत कुणाच्याही हातून होतं." आणि लगेच: "आत्ता फोन करून सांगायचं, यापुढे जोडलेली फाईल उघडून बघितल्याशिवाय सेंड दाबायचं नाही." हे शेवटचं गाळलंत की उरतं नुसतं 'जाऊ दे ना', आणि मग तुमची भीती खरी ठरते.

"कुणाच्याही हातून होतं" इथे बरेच जण घसरतात. "लोकांचं याहून वाईट चाललंय, तुला काय धाड भरलीये?" ही समजूत नव्हे, दुसऱ्या दाराने आलेली शिवीच. आरशासमोर "मी ग्रेट आहे" म्हणणंही टिकत नाही. मन लगेच उलटतपासणी घेतं. सूर सापडत नसेल तर धाकट्या भावंडाला सांगाल तसं, स्वतःला नावाने हाक मारून म्हणा.

मन शांत करायला छातीवर हात ठेवा, असंही सुचवतात. दादरला कल्याण फास्टमध्ये चढल्यावर हात हलवून दाखवा! तिथे श्वास पुरतो: चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, पाच-सहा वेळा. उच्छ्वास लांबला की ठोके मंदावतात. धडधड चालू असताना कुठलंच वाक्य पटत नाही, म्हणून श्वास आधी.

काहींना सुरुवातीला उलट रडूच येतं. वर्षानुवर्षं दाबलेलं वर येतं. अशा वेळी वाक्यं सोडा, पाय जमिनीला टेकवून नुसतं बसा. झोप-भूक दोन आठवडे बिघडलेली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. मोफत आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलता येतं.