ओठ हलत होते, आवाज ऐकू येत नव्हता

प्रश्न: ताई, प्रभूच्या नावात सलाम. मी 34 वर्षांची आहे. लहानपणापासून चर्चच्या मंडळीत आहे. घरी रोज पहाटे वचन वाचते, प्रार्थना करते. पण चारचौघांत मोठ्याने प्रार्थना करायची म्हटली की माझं तोंडच उघडत नाही. आमच्या बुधवारच्या संगतीत सगळे गोल बसतात आणि एकेकाने प्रार्थना करायची असते. गेल्या महिन्यात माझा नंबर आला आणि मी गप्प राहिले. पाळक सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्याच्या अंतःकरणात आत्मा आहे, त्याचं तोंड बंद राहूच शकत नाही." तेव्हापासून मी संगतीला गेलेले नाही. रविवारीसुद्धा आशीर्वाद झाला की मागच्या दाराने निघते. आता वाटतं, उपासना घरीच मोबाइलवर पाहावी. माझ्या विश्वासातच काही उणं आहे का?

उत्तर: नाही. हे आधी सांगून टाकते, कारण शेवटचा प्रश्न तू दोनदा खोडून पुन्हा लिहिला आहेस, ते कागदावर दिसतंय.

मी 27 वर्षं पाळकीणबाई होते. पाळकाची बायको म्हणजे उपासनेनंतर दारात उभी राहून प्रत्येकाशी हसून बोलणारी, अशी लोकांची अपेक्षा असते. मी उभी राहिले आणि मनापासून बोलले. घरी आले की मात्र दोन तास खोलीचं दार लावून पडून राहायचे. ती माणसं मला प्रिय होती, तरी त्यांच्यात वावरून मी रिकामी व्हायचे आणि एकटी बसले की पुन्हा भरायचे. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाच्या 1921 सालच्या लेखनापासून रूढ झाले. मला ते फार उशिरा कळले. तोवर मी याला पाप समजून दर रविवारी त्याची क्षमा मागत होते.

तुझं ते गोल बसणं वाचलं आणि लग्नानंतरची माझी पहिली संगती आठवली. माझ्याआधी सात जण होते. त्या सातांपैकी एकाचीही प्रार्थना मी ऐकली नाही. एका बाईंनी मुलाच्या ऑपरेशनसाठी रडून मागणं केलं, तेही मला दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांकडून समजलं. मी 'हे प्रेमळ स्वर्गीय पित्या'च्या पुढचं वाक्य जुळवत होते आणि किती जण उरले ते मोजत होते. माझा नंबर आला तेव्हा मी चार वाक्यं नीट म्हटली, सगळ्यांनी आमेन म्हटलं. पण त्या पूर्ण तासात मी एकदाही प्रार्थना केली नव्हती. तू गप्प राहिलीस, आणि मला वाटतं त्या संध्याकाळी तू माझ्यापेक्षा खरी होतीस.

आता बायबलमधला 1 शमुवेलचा पहिला अध्याय काढ. शिलो इथल्या मंदिरात हन्ना प्रार्थना करत होती. ती मनातल्या मनात बोलत होती, तिचे ओठ हलत होते, पण आवाज ऐकू येत नव्हता. एली याजक दाराच्या खांबाजवळ आसनावर बसून तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याला वाटलं, ही प्यायली आहे. 'कुठवर अशी नशेत राहणार' असं तो तिला म्हणाला. एली काही दुष्ट नव्हता. देवाच्या घरात त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि तरी समोर चाललेली प्रार्थना त्याला ओळखता आली नाही.

माझा जीव अडकलाय तो पुढच्या भागात. हन्ना उठून निघून गेली नाही. तिने आदराने, पण स्पष्ट सांगितलं, की मी प्यायलेली नाही, मी दुःखी आहे आणि परमेश्वरापुढे मन मोकळं करत होते. तिने एवढंच सांगितलं, आणि एलीने तिथल्या तिथे आपलं म्हणणं मागे घेऊन तिला शांतीने जा म्हटलं, आशीर्वाद दिला.

तुझे पाळक चुकले. सगळ्यांसमोर बोलले, ही आणखी मोठी चूक. पण त्यांना अजून तुझं म्हणणं कोणी सांगितलेलं नाही. संगतीत उभं राहून सांगायची गरज नाही. तुला लिहिता चांगलं येतं, तेव्हा चिठ्ठी लिही. 'मी प्रार्थना करते, पण मोठ्याने मला जमत नाही. मी संगतीत बसेन, तुमच्या प्रत्येक प्रार्थनेला मनापासून आमेन म्हणेन. माझा नंबर आला की मी शेजारच्या व्यक्तीचा हात हलकेच दाबेन, त्यांनी पुढे चालू करावं.' हे हात दाबणं मला एका म्हाताऱ्या आजींनी शिकवलं. त्यांनी कोणालाही न विचारता ते सुरू केलं, आणि वर्षभरात आमच्या संगतीत तीन-चार जण तसं करू लागले. त्यात एक तर गायनमंडळाचे प्रमुख होते! ते गाताना कधी अडखळले नव्हते, म्हणून त्यांना बोलायचं ओझं होत असेल हे कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मोबाइलवरच्या उपासनेचं मात्र मी तुला गोड बोलून 'हो' म्हणणार नाही. आजारपणात, म्हातारपणात ती मोठी सोय आहे. तू धडधाकट आहेस. इब्री लोकांस पत्रात, 10:25 मध्ये, एकत्र जमणं सोडू नका म्हणून सांगितलंय, आणि तिथे कारणही दिलंय, एकमेकांना उत्तेजन द्यायचं. एकांत आपल्याला हवाच. गर्दी वाढू लागली की येशू एकांतात जाऊन प्रार्थना करत असे, असं लूक 5:16 मध्ये आहे. मार्कच्या पहिल्या अध्यायात तो पहाटे अंधारातच निघून जातो. शिष्य शोधत येतात आणि सगळे तुम्हाला शोधत आहेत म्हणतात, तेव्हा तो पुन्हा माणसांकडे जायला निघतो. म्हणून रविवारी दुपारी दार लावून पडायला तू अजिबात संकोचू नकोस. फक्त सकाळी तिथे जा.

आणि मागच्या दाराने निघण्याऐवजी एखादं काम माग. मी प्रभुभोजनाचे प्याले धुण्याचं काम मागून घेतलं होतं. ते छोटे काचेचे प्याले एकेक करून धुवायचे, पालथे घालायचे, पुसून खोक्यात लावायचे. पाऊण तास जायचा. एकदा नुकतीच पत्नी वारलेले एक गृहस्थ आत आले आणि काही न बोलता फडकं घेऊन पुसायला उभे राहिले. मी धूत होते, ते पुसत होते, दोघांच्याही नजरा प्याल्यांवर. दहा-बारा प्याले झाल्यावर ते तिच्या शेवटच्या रात्रीबद्दल सांगू लागले. दारात उभं राहून, हात हातात घेऊन मी त्यांना तीन रविवार विचारलं होतं, 'कसे आहात?' आणि तिन्ही वेळा ते 'बरं आहे' म्हणाले होते. पुढे ते दर प्रभुभोजनाच्या रविवारी यायचे. कधी बोलायचे, कधी नाही.

प्रश्न: मी मंडळीत वडील (एल्डर, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारा) म्हणून सेवा करतो. वचन अभ्यासात तेच पाच-सहा जण बोलतात. इतरांना बोलतं करावं म्हणून आम्ही चिठ्ठ्या टाकून नाव पुकारायला सुरुवात केली, तर उपस्थितीच घटली. काय करावं?

उत्तर: चिठ्ठ्या आधी बंद करा, कृपा करून. नाव पुकारलं जाईल या धास्तीत बसलेला माणूस वचन ऐकतच नाही.

अभ्यासाचा उतारा आणि त्यावरचे दोन प्रश्न दोन दिवस आधी कळवा. काहींना विचार पिकायला वेळ लागतो, आणि तसे पिकलेले विचार ऐकण्यासारखे असतात. शास्त्रवाचन कराल का, असं एकेकाला खासगीत विचारा. स्वतःचे शब्द शोधायचे नसले की अबोल माणसंही सुंदर वाचतात. नाही म्हणाले तर कारण विचारू नका.

शिवाय वाचन झाल्यावर दोन मिनिटं कोणीच बोलू नका. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या क्वेकर पंथात सगळे मिळून शांत बसतात, आणि आतून प्रेरणा झाली तरच कोणी उठून बोलतो. फ्रान्समध्ये 1940 साली सुरू झालेल्या तेझे इथल्या समुदायात रोजच्या प्रार्थनेच्या मधोमध काही मिनिटं निःशब्द शांतता असते. पहिल्या दिवशी तुमच्याकडे कोणी खोकेल, कोणी पानं उलटेल. ती जागा गीताने भरायची घाई करू नका.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 1742 साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये मेथडिस्ट पंथाच्या लोकांनी सभागृहाचं कर्ज फेडण्यासाठी साधारण बारा-बारा जणांचे गट केले. प्रत्येक गटाच्या पुढाऱ्याने आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करायची. सुरुवातीला तो प्रत्येकाच्या घरी जाई आणि जाता जाता त्याच्या आत्मिक जीवनाचीही विचारपूस होई. पुढे घरोघर फिरणं सोयीचं पडेना, म्हणून सगळ्यांनी एकत्र जमायचं ठरलं. त्या गटांतून पुष्कळ चांगलं झालं. पण सुरुवात दारावर थाप देऊन, एका माणसापाशी बसून झाली होती, हे ध्यानात ठेवा. तुम्ही वडील आहात. जे यायचे थांबले त्यांच्या घरी जा, एकेकट्याला भेटा, आणि या भेटीत प्रश्न कमी विचारा. येशूचा शिष्य अंद्रिया याचं एकही प्रवचन शुभवर्तमानांत नाही. त्याने आपल्या भावाला, शिमोनाला, येशूकडे आणलं. ज्या पाच भाकरींतून येशूने हजारोंना जेवू घातलं, त्या जवळ असलेला मुलगाही त्यालाच दिसला होता.

प्रश्न: माझा 15 वर्षांचा मुलगा युवक शिबिराला जायला नाही म्हणतो. तीन दिवस खेळ, गाणी, रात्री सगळ्यांसमोर साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव उभं राहून सांगायचा. पाठवू का जबरदस्तीने?

उत्तर: जबरदस्तीने पाठवू नका. पण आधी एक बघा. तो पहिल्यापासून असाच शांत आहे की अलीकडे गप्प झालाय? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीही त्याने सोडल्या असतील, झोप-जेवण बिघडलं असेल, तर त्याला स्वभाव म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा. शिबिरात कोणी त्रास देतं का, हेही तो एकटा असताना आणि तुम्हाला घाई नसताना विचारा.

तसं काही नसेल, तर त्याला विचारा की नेमकं काय नको वाटतं. बहुतेक तो साक्षीची रात्र म्हणेल. मग शिबिराच्या प्रमुखांना तुम्ही स्वतः भेटा आणि त्याला त्यातून मोकळं ठेवायचं कबूल करून घ्या. ध्वनियंत्रणा सांभाळणं, चादरी मोजणं, फोटो काढणं असं एखादं काम त्याच्या हाती द्यायला सांगा. ते कबूल झालं की त्याला पुन्हा विचारा, आणि तरी नाही म्हणाला तर या वर्षी राहू द्या.