नादारीचा पेपर : आधी तारखा लावा, मग कलमे

प्रश्न : एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला नादारी व दिवाळखोरी संहिता, 2016 हा विषय आहे. कलमे पाठ आहेत, तरी घटना देऊन विचारलेल्या प्रश्नांत निम्मेच गुण पडतात. काय चुकत असेल?

उत्तर : बहुतेकांची सुरुवातच चुकते. कंपनीने पैसे थकवले एवढे वाचले, की संहितेचा उद्देश, मोराटोरियम (कंपनीविरुद्धच्या वसुलीला व दाव्यांना तात्पुरती स्थगिती), संहिता वैध ठरवणारा स्विस रिबन्सचा निकाल असे जे आठवेल ते उतरवले जाते. परीक्षक आधी पाहतो ते वेगळेच : अर्ज कोणाचा, कुठल्या कलमाखालचा आणि तो टिकतो का.

उदाहरण घ्या. पुरवठादाराचे 1 कोटी 40 लाखांचे बिल थकले. माल निकृष्ट असल्याची कंपनीची सविस्तर ईमेल 2 मेची आहे. डिमांड नोटीस, म्हणजे थकलेले पैसे मागणारी नोटीस, कंपनीला 10 जूनला मिळाली आणि एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) अर्ज 18 जूनला झाला.

मालाचे पैसे, म्हणजे हा ऑपरेशनल क्रेडिटर. कलम 5(20) आणि 5(21). कर्ज देणारी बँक असती तर कलम 7 लागले असते आणि डिमांड नोटिशीचा प्रश्नच आला नसता. इथे कलम 8 आणि 9. रक्कम 1 कोटीच्या वर असल्याने कलम 4 ची मर्यादा पार होते. (24 मार्च 2020 पूर्वी ही मर्यादा 1 लाख होती. जुन्या गाइडमधून तोच आकडा अजून उत्तरपत्रिकेत येतो.) थकबाकी तीन वर्षांच्या मुदतीत आहे का ते एका वाक्यात सांगा, आधार कलम 238अ. थकल्याची तारीख 25 मार्च 2020 पासूनच्या एका वर्षातली असेल, तर कलम 10अ मुळे त्या थकबाकीवर अर्ज कधीच करता येत नाही. पेपर काढणाऱ्यांना ही तारीख फार आवडते.

यानंतर खरा मुद्दा. नोटीस पोहोचल्यावर 10 दिवस जावे लागतात; अर्ज आठव्याच दिवशी झाला, म्हणून तो मुदतीआधीचा. शिवाय वाद नोटिशीच्या आधीपासूनचा आहे. मोबिलॉक्स (2017) निकालानुसार एनसीएलटी वादात कोण जिंकेल हे ठरवत नाही. वाद खरोखर आहे का, की नुसता पोकळ बचाव आहे, एवढेच तपासते. तीच ईमेल 12 जूनची असती तर हा बचाव बहुधा कोसळला असता. हे वाक्य जरूर लिहा, कारण घटना बदलली की निष्कर्ष कसा बदलतो हे दाखवणाऱ्यालाच वरचे गुण मिळतात.

प्रश्नाला अर्धा तास असेल, तर पहिली पाच मिनिटे तारखांची रेषा आखायला द्या. आणि दुरुस्त्या कुठल्या तारखेपर्यंतच्या धरायच्या, हे शिक्षकांना आधीच विचारून ठेवा.

प्रश्न : 51, 66, 90 या टक्केवाऱ्यांत गोंधळ होतो.

उत्तर : सीओसीचे, म्हणजे कर्जदात्यांच्या समितीचे, नेहमीचे निर्णय 51 टक्क्यांनी होतात. रिझोल्यूशन प्लॅन (कंपनी सावरण्याची योजना), प्रक्रियेची मुदतवाढ आणि लिक्विडेशन (मालमत्ता विकून कंपनी गुंडाळणे) या जड निर्णयांना 66 लागतात, तर एनसीएलटीने दाखल करून घेतलेला अर्ज कलम 12अ खाली मागे घ्यायला 90. आकडा बरोबर लिहूनही गुण जातात, कारण मोजणी चुकते. हे टक्के मतहिश्श्याचे, म्हणजे कर्जाच्या रकमेच्या प्रमाणातले असतात. पाचपैकी चार बँका बाजूने आहेत, पण त्यांचे कर्ज मिळून 60 टक्केच भरते, तर प्लॅन नामंजूर. कंपनीचा संबंधित पक्ष असलेल्या फायनान्शियल क्रेडिटरला (बँकेसारख्या कर्ज देणाऱ्याला) मत नसते. त्याचा आकडा आधी वगळा आणि मग टक्के काढा.

प्रश्न : कलम 53 चे, म्हणजे लिक्विडेशनमध्ये पैसे कोणाला आधी द्यायचे याचे, गणित कसे मांडावे?

उत्तर : पायरीपायरीने, प्रत्येक टप्प्यावर शिल्लक दाखवत. समजा हाती 10 कोटी आहेत. प्रक्रियेचा खर्च 1 कोटी; तो पूर्ण द्यायचा. उरले 9. पुढच्या पायरीवर कामगारांचे 24 महिन्यांचे 4 कोटी आणि तारण सोडून दिलेल्या बँकेचे पूर्ण सुरक्षित कर्ज 8 कोटी. दोघे समान पातळीवर, एकूण 12. म्हणजे प्रत्येकाला 75 टक्के : कामगारांना 3 कोटी, बँकेला 6. इथेच पैसे संपले. कर्मचाऱ्यांचे 12 महिन्यांचे वेतन, विनातारण कर्जे, सरकारी देणी, भागधारक, सगळ्यांना शून्य.

हमखास दोन सापळे असतात. भविष्य निर्वाह निधीची रक्कम या वाटपात धरली जाते, ती कलम 36(4) मुळे लिक्विडेशनच्या मालमत्तेतच येत नाही. दुसरा, बँकेने तारण स्वतः विकले असेल तर तिची तूट खाली सरकारी देण्यांच्या पायरीवर जाते. तिला कामगारांशेजारी बसवू नका.

प्रश्न : कंपनीवर मोराटोरियम असताना संचालकाच्या वैयक्तिक हमीवर बँक वसुली करू शकते का?

उत्तर : हो. कलम 14(3)(ब) नुसार कंपनीच्या हमीदाराला कलम 14 चे संरक्षण नाही, आधारासाठी व्ही. रामकृष्णन (2018) हा निकाल. प्लॅन मंजूर झाला म्हणून हमीदार आपोआप सुटतो, असेही लिहू नका; त्यासाठी ललितकुमार जैन (2021) द्या. वैयक्तिक हमीदारांसाठीच्या तरतुदी 1 डिसेंबर 2019 पासून लागू आहेत, आणि कंपनीची प्रक्रिया चालू असेल तर हमीदाराविरुद्धचा अर्ज डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) न जाता त्याच एनसीएलटीत जातो, हे कलम 60 चा उल्लेख करून लिहा.