फोनवरची भूशास्त्र सहल: आधी गावची विहीर, मग लोणार

ताई, तुमची अडचण नेहमीचीच आहे. नववीला खडक शिकवायचे, आर्णीकडून लोणारचं उल्का-विवर बघायला बस न्यायला पैसा नाही, वर्गात पालकांचे चार-दोन फोन येतात आणि रेंजचा भरवसा नाही. त्यात तुम्ही विचारता, अ‍ॅप कोणतं घेऊ? अ‍ॅपचं सांगतोच, पण आधी विहीर.

तुमचा पट्टा बेसाल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या दगडाचा. अजून बांधून न काढलेली एखादी विहीर शोधा. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की भिंत उघडी पडते आणि भर दुपारी ऊन थेट तळाला पोचतं. मालकाला सोबत घेऊन तुम्हीच वरून खाली सावकाश व्हिडिओ काढा, पोरं काठापासून लांबच बरी. दोरीला मीटर-मीटरवर लाल चिंधी बांधून ती भिंतीलगत सोडा. माप नसलेल्या फोटोवरून भूशास्त्र शिकवता येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

आता त्या भिंतीत काय दिसतं? वर काळी माती, मग मुरूम, त्याखाली अनारशासारखा जाळीदार दगड आणि त्याच्या भोकांत पांढरे स्फटिक. आणखी खाली घट्ट काळा पाषाण. नशीब असेल तर मध्येच तांबडा पट्टा. लाव्ह्यातला वायू वर चढतो म्हणून थराच्या माथ्याला भोकं जास्त, पुढे पाणी मुरून त्यांत झिओलाइट, कॅल्साइट ही खनिजं साचतात, तेच ते पांढरे स्फटिक. तांबडा पट्टा म्हणजे दोन लाव्ह्यांमधली उसंत. तेवढ्या काळात खालच्या थराचा माथा झिजून त्याची माती होऊ लागली, मग वरून पुढचा लाव्हा आला. हे सगळं सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचं. पोरांना प्रश्न एकच द्या, ‘इथे लाव्हा किती वेळा आला?’ आणि फोन त्यांच्या हातात देऊन झूम करू द्या.

विहीर खोदणाऱ्या गड्यांचा आवाजही रेकॉर्ड करा. पहार कुठवर चालली आणि सुरुंग कुठून लावावा लागला, हे त्यांना फुटाफुटाचं पाठ असतं. काठावरच्या ढिगातले दोन-तीन तुकडे वर्गात आणा. जाळीदार आणि घट्ट दगडाच्या वजनातला फरक फोनवर कळत नाही.

हे झालं की लोणार. गूगल अर्थ पुरेसं आहे. तालुक्याला बरं वायफाय मिळेल तिथे लोणारभोवती फिरून स्क्रीन रेकॉर्डिंग करा आणि वर्गात क्विक शेअरने फोनाफोनांत टाका, मग रेंजची गरजच नाही. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. तेवढंच अंतर त्याच अ‍ॅपमधल्या मापपट्टीने आपल्या शाळेपासून मोजून दाखवा. रेघ कोणाच्या वावरात जाऊन थांबते हे दिसल्यावर पोरं आपोआप बोलायला लागतात. खोली साधारण दीडशे मीटर. गावातल्या पाण्याच्या टाकीच्या किती पट, ते त्यांनाच काढू द्या.

वय सांगताना मात्र ‘बावन्न हजार वर्षं’ म्हणून मोकळं होऊ नका. थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने (दगड तापवून त्यातून निघणारा प्रकाश मोजून) तेवढं आलं, पण आर्गॉन पद्धतीने (दगडात साठलेला आर्गॉन वायू मोजून) सुमारे ५.७ लाख आलं. दोन्ही आकडे फळ्यावर लिहा. २०२० साली विवरातल्या तळ्याचं पाणी गुलाबी झालं होतं, त्याबद्दल कोणीतरी विचारेलच. ते खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, एवढं सांगून पुढे जा, नाहीतर तास त्यातच जातो.

कोणी फोन आत बसवून आभासी दृश्य बघायचे कार्डबोर्डचे चष्मे देतो म्हणालं तर हुरळून जाऊ नका. ज्यासाठी ते शाळांनी घेतले, ते गूगल एक्स्पिडिशन्स हे आभासी सहलींचं अ‍ॅप २०२१ मध्येच बंद झालं. शिवाय चष्म्यात एकच पोरगं पाहतं, बाकीचे नंबर लागायची वाट बघतात. साध्या फोनभोवती चार डोकी एकत्र येतात आणि भांडतात, ते जास्त कामाचं.

वर्षाच्या शेवटी वणी किंवा चंद्रपूरकडच्या एखाद्या शाळेशी व्हिडिओंची अदलाबदल करा. तिकडे बेसाल्ट संपून गोंडवनाचे, म्हणजे लाव्ह्याच्याही आधीच्या गाळाच्या थरांतले, वालुकाश्म आणि कोळसा लागतो. त्यांचा व्हिडिओ आवाज बंद करून लावा आणि तुमच्या पोरांना विचारा, हा दगड लाव्ह्याचा की नदीने आणलेल्या वाळूचा, आणि कशावरून?