आण्णा, मागाचा ठेका आणि 'एक धागा सुखाचा'

तुमचं आवडतं गाणं कोणतं आणि त्याच्याशी जोडलेली आठवण सांगा, असं तुम्ही विचारलंय. आवडती गाणी खूप आहेत हो, पण आठवण म्हणाल तर माझं बोट एकाच गाण्यावर जातं, 'एक धागा सुखाचा, शंभर धागे दुःखाचे'.

मी इचलकरंजीची. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना मागाचे कारखाने, रात्रंदिवस खडखडाट, सुट्टीच्या दिवशी तो थांबला की उलट झोप मोडायची. आण्णा म्हणजे माझे वडील, यंत्रमागावर (कापड विणायच्या यंत्रावर) कामाला, चार माग सांभाळायचे, एक आठवडा दिवसपाळी एक आठवडा रात्रपाळी, आणि पगार महिन्याचा नाही, कापड जेवढं निघेल त्यावर मजुरी, त्यामुळं माग बंद राहिला की तेवढे पैसे गेले.

रात्रपाळी करून सकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर, मिशीवर, कानाच्या पाळीवर सगळीकडं कापसाची पांढरी कुसं बसलेली असायची. तेव्हा आकाशवाणी सांगलीवर भक्तिगीतं चालू असायची. त्यात 'घनश्याम सुंदरा' लागलं की आई आवाज बारीक करायची, कारण आण्णा अंथरुणावर पडलेले असायचे. जगाला उठवणारी भूपाळी ती, 'अमर भूपाळी' सिनेमातली, पण आमच्याकडं ती आण्णांच्या झोपायच्या वेळेचं गाणं होती, आजही ती ऐकली की मी आपोआप हळू चालायला लागते.

पण खरं गाणं 'एक धागा'. 1960 च्या 'जगाच्या पाठीवर' मधलं, शब्द गदिमांचे म्हणजे ग. दि. माडगूळकरांचे, चाल आणि आवाज दोन्ही बाबूजींचे म्हणजे सुधीर फडक्यांचे. आण्णांना ह्या दोघांचा फार अभिमान. बाबूजींचा जन्म कोल्हापूरचा, गदिमांचा सांगली जिल्ह्यातल्या शेटफळ्याचा, दोघंही 1919 चेच, आणि इचलकरंजी दोन्हीच्या मधली, म्हणून आण्णा "आपली माणसं" असंच म्हणायचे, जसं काय शेजारच्या गल्लीत राहतात. गाण्यात माणसाचं आयुष्य म्हणजे विणलेलं वस्त्र आहे, लहानपणीचं अंगडं, तरुणपणीचे रंगीत कपडे आणि शेवटी उरलेली जीर्ण शाल. शाळेत असताना मला त्यातलं फक्त अंगडं कळायचं.

मी सातवीत असेन, सुट्टीत आण्णांचा डबा घेऊन कारखान्यात जायचे. आत गेलं की बोललेलं काही ऐकू येत नाही, सगळे खाणाखुणांनी आणि ओठ बघून बोलतात. एकदा आण्णा तुटलेला धागा जोडत होते तर मी तिथंच उभी राहिले. माग थांबवला, तुटलेलं टोक ओठात धरून जरा ओलं केलं, दोन बोटात पीळ दिला, नवीन तुकडा लावून गाठ मारली, उरलेलं टोक दातानं तोडलं आणि फणीच्या, म्हणजे उभे धागे वेगवेगळे ठेवणाऱ्या कंगव्याच्या, बरोबर त्याच फटीतून ते ओढून घेतलं, कारण शेजारच्या फटीत गेलं तर कापडात उभी रेघ पडते. सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर सुतानं घासून घासून एक बारीक खाच पडली होती, ती मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितली.

रात्री घरी मी विचारलं, आण्णा, गाण्यात शंभर धागे का म्हटलंय, तुमच्या मागावर किती असतात? तर म्हणाले, "अगं एका बीमात, उभं धागं गुंडाळलेल्या रुळात, हजारानं असत्यात. पर एक जरी तुटला तरी मान खाली घालून त्यालाच शोधावा लागतोय बघ, बाकीचं हजार तेवढा वेळ थांबत्यात." आणि मग ते शेवटचं कडवं म्हणाले, ज्यात विणणाऱ्याचे हात त्रिखंडात कुणाला दिसले नाहीत असं आहे. मला वाटलं, मला तर दिसलेत की, आत्ताच दुपारी बघून आले.

त्यांचे कान मागानंच नेले. कानात सुताचे बोळे घालून तीस-पस्तीस वर्षं काढली, तरी शेवटी व्हायचं ते झालंच, आणि याचं मला आजही वाईट वाटतं, रागही येतो, कारण त्या वेळी कुणी त्यांना कानाला लावायला धड काही दिलं नाही आणि आम्हालाही ते मागायचं असतं हे ठाऊक नव्हतं. आधी रेडिओचा आवाज वाढत गेला. आईचं आवडतं 'शुक्रतारा मंद वारा' ती अगदी बारीक आवाजात ऐकायची आणि आण्णा येऊन खटका फिरवून मोठ्ठं करायचे, मग दोघांची कुरबुर. नंतर मोठ्या आवाजाचाही उपयोग राहिला नाही. तेव्हा ते रेडिओवर तळवा ठेवून बसायला लागले. 'एक धागा' लागलं की आई त्यांना खुणेनं सांगायची, दोन बोटांनी धागा ओढल्यासारखं करून, की लगेच आण्णा हात ठेवायचे आणि सोबत म्हणायला लागायचे.

फक्त ते म्हणतात मागाच्या ठेक्यात. बाबूजींनी गायलंय ते निवांत, एकेक शब्द पसरून, आणि आण्णांचं खटक-खटक, खटक-खटक असं घाईघाईनं, श्वास न घेता. मूळ रेकॉर्ड ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात हीच चाल राहिली असणार. आता मी पुण्यात असते, मोबाईलवर हे गाणं लावलं की मला ते हळू चाललंय असंच वाटतं.

परवा घरी फोन केला तर आईशीच बोलले, आण्णांना फोनवर काहीच समजत नाही. पण आई भाजी काय केली ते सांगत असताना मागून त्यांचा आवाज येत होता, जीर्ण शालीचं कडवं, तसंच भरभर. मी आईला म्हटलं जरा थांब, फोन तिकडं धर.