चांदोली राष्ट्रीय उद्यानात वाघ दिसला नाही, तर पाहण्यासारखे काय आहे?

केवळ वाघाच्या आशेने चांदोलीला जाऊ नये, असे मी कोल्हापूरहून निघणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगतो. वारणेच्या वसंतसागर जलाशयाभोवतीचे हे अरण्य २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. त्याचे खरे वैभव, माझ्या मते, झोळंबीसारख्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारांवर आहे. पावसाळा सरता सरता तेथील मातीच्या पातळ, ओल्या थरात 'सीतेची आसवे' ही इवली निळी-जांभळी फुले उमलतात आणि ही वनस्पती मातीखालच्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडून आपले पोषण करते. जंगलात शेकरू, अस्वल, रानकुत्री आहेतच. गवा मात्र पांढरे पायमोजे घातल्यासारख्या पायांमुळे दुरूनही ओळखता येतो.