विचारा, सांगतो : दाढीच्या क्रीमला वाळ्याचा वास

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. माझे बाबा ७६ वर्षांचे आहेत. ओट्यावर बसून, ब्रश-वाटी घेऊन एक दिवसाआड स्वतःच दाढी करतात. वर्षानुवर्षं वापरत होते ते क्रीम आता गावात येत नाही. जे मिळतं त्यात एक तर पुदिन्यासारखा थंडावा, नाही तर भडक सेंट. लावलं की बाबा म्हणतात, "डोये झोंबून रायले, नेऊन टाक हे." वर शिंका. त्यांना आवडतो तो फक्त वाळ्याचा वास; उन्हाळाभर कानात खसच्या अत्तराचा फाया असतो. म्हणून ठरवलं, बिनवासाचं क्रीम आणायचं आणि खस आपणच घालायचं. दर्यापूर, अकोला, अमरावती, तिन्हीकडे विचारून झालं. दुकानदार हसतात. असं क्रीम असतं का? अत्तर किती घालायचं? सासुरवाडी वरूडची असल्यानं संत्र्याची सालं पोत्यानं मिळतात, त्यांचा काही उपयोग आहे का? आणि हो, फेस पूर्वीसारखा येत नाही अशीही बाबांची तक्रार आहे.
— एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : भाऊ, दुकानदाराला हसू द्या. त्याच्या फळीवर जे येतं तेवढंच त्याला माहीत. मी आर्वीजवळ एकोणीस वर्षं साबणाचा छोटा कारखाना चालवला. कारखाना कसला, टिनाची शेड आणि दोन कढया. कपड्याचा साबण, अंगाचा साबण आणि कटिंगच्या दुकानांसाठी किलो-किलोच्या डब्यात दाढीचं क्रीम. त्यामुळे कढईजवळ उभं राहून पाहिलेलं सांगतो : प्रत्येक दाढीचं क्रीम शेवटच्या अर्ध्या तासापर्यंत बिनवासाचंच असतं.

ते कसं, ऐका. स्टिअरिक ॲसिड म्हणजे मेणबत्तीवाले वापरतात ते पांढरं, मेणासारखं आम्ल. ते खोबरेल तेलासोबत वितळवायचं, त्यात कॉस्टिक पोटॅशचं पाणी सोडायचं, वरून ग्लिसरीन. कॉस्टिक सोडा वापरला तर साबणाची घट्ट वडी होते, पोटॅशनं तो लोण्यासारखा मऊ राहतो. खोबरेलामुळे फेस चटकन उठतो, पण मोठमोठे बुडबुडे येऊन लगेच बसतो. स्टिअरिकमुळे फेस उशिरा येतो, पण दाट येतो आणि गाल वाळेपर्यंत टिकतो. दोघांचं जमलं की क्रीम जमलं. वास मात्र अगदी शेवटी. घाणा गरम असताना सुगंध ओतला तर तो वाफेबरोबर उडून जातो, पैसे छपराला लागतात. म्हणून हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं आणि मग घालायचा.

म्हणजे तुम्ही शोधताय ती वस्तू रोज तयार होते, फक्त दुकानापर्यंत पोचत नाही. तेव्हा दुकानात नका विचारू, बनवणाऱ्याला विचारा. अमरावती, वर्धा, नागपूरकडे हातानं साबण करणारे लहान उद्योग आहेत, काही बचत गटही करतात. त्यांच्यापैकी जो दाढीचा साबण किंवा क्रीम करत असेल त्याला एवढंच म्हणा : "पुढच्या घाण्यातून सेंट टाकायच्या आधी अर्धा किलो माझ्यासाठी काढून ठेवा. थंडाव्याचं मेंथॉल नको, रंग नको." त्याचा सेंटचा खर्च वाचतो, तो कशाला नाही म्हणेल? आमच्याकडे एक न्हावी दर दिवाळीला असंच न्यायचा आणि त्यात स्वतःचं गुलाबाचं अत्तर घालायचा. गिऱ्हाइकांना सांगायचा, माल मुंबईचा आहे.

पोटॅश मात्र घरी आणू नका. शंभर ग्रॅम स्टिअरिकला साधारण वीस ग्रॅम शुद्ध पोटॅश लागतं, पण बाजारातलं पोटॅश हवेतला ओलावा ओढून बसलेलं असतं. त्यामुळे तोल चुकतो, आणि उरलेलं पोटॅश गाल सोलून काढतं. माझ्या डाव्या भुवईत अजून एक पट्टा रिकामा आहे, तो त्याचाच. नातवंडं विचारतात तेव्हा मी वाघाची गोष्ट सांगतो.

तयार मालच घ्यायचा असेल तर बिनवासाची क्रीमं बहुतेक परदेशी नावांची आहेत. लंडनच्या ट्रूफिट अँड हिलचं 'अल्टिमेट कम्फर्ट' हे त्यातलं एक. ही कंपनी १८०५ सालची. माल चांगला, पण किंमत पाहून बाबा दाढी वाढवायचं ठरवतील. आपल्याकडच्या डब्यांवर 'सेन्सिटिव्ह' लिहिलेलं दिसलं म्हणून फसू नका, त्यातही बहुतेकदा वास असतो. डबा उलटा करून घटकांची यादी वाचा. अक्षरं मुंगीएवढी असतात, मोबाईलनं फोटो काढून मोठी करा. 'परफ्यूम', 'पार्फम' किंवा 'फ्रॅग्रन्स' यातलं काहीही दिसलं तर डबा परत ठेवा. 'अनसेंटेड' हा शब्दही पुरेसा नाही. साबणाचा मूळ वास झाकायला कधी कधी त्यातही थोडा सुगंध घालतात. 'फ्रॅग्रन्स-फ्री' लिहिलेलं असेल आणि यादीतही सुगंध नसेल, तरच घ्या. खरं बिनवासाचं क्रीम नाकाला लावलं तर किंचित मेणबत्तीसारखं, धुतलेल्या धोतरासारखं वासतं. ते खराब झालंय असं समजून फेकू नका.

मेडिकलमध्ये बिनवासाचं क्लेन्झिंग लोशन मिळतं. डॉक्टर कोरड्या कातडीला देतात. त्यानं दाढी होते, पण फेस होत नाही, ब्रश नुसता गालावर घसरतो. ज्या माणसाला वाटीत ब्रश फिरवण्यातच दाढीची मजा आहे, त्याला ते कशाला द्यायचं? ऑनलाइन मिळणाऱ्या वितळवून ओतायच्या पारदर्शक साबणाच्या लाद्यांचंही तेच. बिनवासाच्या मिळतात, स्वस्तही असतात, पण फेस दोन मिनिटांत पाणी होतो.

आता खस. इथेच लोक चुकतात. एका दाढीला क्रीम लागतं एखादा ग्रॅम, वाटाण्यापेक्षा थोडं मोठं. त्याच्यावर अत्तराचा एक थेंब टाकला तर? एक थेंब साधारण २५ ते ३० मिलिग्रॅमचा, म्हणजे क्रीमच्या जवळजवळ तीन टक्के झाला. दाढीच्या क्रीमला सुगंध अर्धा टक्का म्हणजेही भरपूर. वस्तऱ्यानं नुकत्याच खरवडलेल्या कातडीवर तीन टक्के लावले तर बाबा पुन्हा म्हणतील, डोये झोंबून रायले. म्हणून वाटीत थेंब टाकायचा नाही, डबी आधीच तयार करायची. पन्नास ग्रॅम क्रीमला चार थेंब. नाकाला कमी वाटलं तर पुढच्या डबीत सहा करा, दहाच्या वर मात्र जाऊ नका. एक दिवसाआड दाढी म्हणजे पन्नास ग्रॅम तीन महिने सहज पुरेल.

डबी काचेची किंवा चांगल्या प्लास्टिकची घ्या, ढवळायला स्टीलचा चमचा. ॲल्युमिनियम नको, क्रीम अल्कधर्मी असल्यानं ते त्याला खातं. गरम करायचं नाही. अंडं फेटल्यासारखं फेटायचं नाही, घोटायचं. मग झाकण लावून चार दिवस लोणच्यासारखं मुरू द्या. पहिल्या दिवशी जो वास येतो तो खरा नसतो. आणि डबीत ओला ब्रश किंवा ओलं बोट घालू नका, पाणी गेलं की बुरशी धरते.

खस तुम्ही बरोबर निवडलं आहे. वाळ्याचा वास जड असतो, साबणात टिकतो. मोगऱ्याच्या कंपाउंडनं, म्हणजे तयार सेंटच्या मिश्रणानं, क्रीम पिवळं पडतं. व्हॅनिलाचं तर विचारूच नका. तीस-एक वर्षांपूर्वी मी चंदनाच्या नावाखाली एक स्वस्त कंपाउंड आणलं, त्यात व्हॅनिलिन होतं. साबणात पडलं की ते तपकिरी होत जातं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. महिनाभरानं आर्वीचा एक न्हावी डबा घेऊन दारात उभा. म्हणे, "काका, हे दाढीचं हाय का बुटाचं?" चाळीस डबे परत घेतले. वर्षभर घरच्यांनी त्याच क्रीमनं भांडी घासली. भांड्यांना वास मात्र फार सुंदर यायचा.

अत्तर विश्वासाच्या माणसाकडून घ्या. सरबतात घालायचा खसचा इसेन्स चुकूनही नको, त्यातल्या हिरव्या रंगानं टॉवेल आणि बाबा दोन्ही हिरवे होतील. स्वस्त अत्तरात बरेचदा लिक्विड पॅराफिन असतं. चार थेंबांनी फेस मरत नाही, चमचाभर घातलं तर नक्की मरतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही तरी सांगतो. आपल्या वऱ्हाडात रोशा गवत होतं, त्याला तिखाडीही म्हणतात. पूर्वी आपल्याकडच्या आणि खानदेशातल्या रानात त्याच्या भट्ट्या लागायच्या. तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानात जायचं, तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरायचे आणि युरोपात त्याचं नाव पडलं 'तुर्की जिरेनियम'! त्यातलं मुख्य द्रव्य जिरॅनिऑल. वास गुलाबासारखा, थोडा गवताळ, आणि साबणातही टिकणारा. आजही पामरोजा तेल म्हणून मिळतं, तेही परवडणाऱ्या भावात. खसचे तीन थेंब आणि रोशाचा एक, असं करून पाहा. ज्यांना कधी काळी रोशाचं तेल गुडघ्याला चोळलेलं आठवतं त्यांना तो वास लगेच ओळखू येतो. काहींच्या कातडीला जिरॅनिऑल चालत नाही, म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला तयार क्रीमचा फेस लावून धुवा आणि दोन दिवस वाट पाहा. खाज, लाली काही नाही, मगच गालावर.

शिंकांचं मात्र नीट बघा. मेंथॉल गेल्यावर त्या थांबल्या तर ठीक. कानातल्या फायानंही येत असतील, किंवा बाबांना दमा असेल, तर खसही नको. मग बिनवासाचं क्रीम बिनवासाचंच वापरा.

संत्र्याची सालं सासुरवाडीलाच राहू द्या. लोक ती वाळवून खोबरेलात उकळतात आणि त्याला संत्र्याचं तेल म्हणतात. ते सुगंधी खोबरेल झालं. क्रीमला उपयोग शून्य, उलट फेस बसवेल. सालीची पूड गाल खरवडते. ताजी साल पिळून जो फवारा उडतो ते खरं तेल. पण त्यातलं लिमोनीन हवेनं लवकर खराब होतं, आणि खराब झालेलं लिमोनीन कातडीला जास्त चावतं. साबणातून तो वास तसाही काही आठवड्यांत उडून जातो. पोरांना एक गंमत दाखवा : फवारा थर्माकोलवर उडवा, भोकं पडतात. मग त्यांनाच विचारा, हे आजोबांच्या गालाला लावायचं का.

राहिला फेस. तुम्ही दर्यापूरचे, म्हणजे खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या खोऱ्यातलं ते पाणी साबणाला कसं वागवतं, हे घरातल्या बायांना विचारा. जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाला धरतं, त्याची चिकट पांढरी साय होते. वाटीच्या कडेला जी बसते, तीच. तेवढा साबण वाया गेला, मग फेस येणार कुठून? क्रीमचा दोष नसेलही. दाढीपुरतं वाटीभर पिण्याचं फिल्टरचं पाणी घ्या, ब्रशही त्यातच भिजवा. पावसाळ्यात पागोळीचं पाणी भरून ठेवता आलं तर उत्तमच. हे आजच करा, क्रीम मिळेपर्यंत थांबू नका. कदाचित बाबांची अर्धी तक्रार इथेच मिटेल.

प्रश्न : माझं गावात सलून आहे. लग्नसराईत गिऱ्हाइकांना खास वाटावं म्हणून मी फेसात बॉडी स्प्रे मारतो. पण फेस लगेच बसतो आणि क्रीम दाणेदार होतं. कोणता स्प्रे चांगला?
— एक सलूनवाला, ता. हिंगणघाट

उत्तर : कोणताच नाही. स्प्रेत बहुतेक अल्कोहोल असतं, ते फेसाला मारतं, म्हणून तुमचा फेस बसतो. शिवाय कापलेल्या जागी झोंबतं, आणि नवरदेव ऐन मांडवात लाल गाल घेऊन उभा राहतो. दाढी झाल्यावर गरम टॉवेलच्या पाण्यात गुलाबपाणी घाला, टॉवेल पिळून तोंडावर ठेवा. तेवढंही नको असेल तर स्प्रे त्याच्या कॉलरला मारा. तुरटी फिरवता ती चालू ठेवा, पण प्रत्येकाला नवा तुकडा. ब्लेड तर तुम्ही बदलतच असाल.